सभाघराच्या माळ्यावरची दहा पिपं

सोमवार, १६ जानेवारी १७७५

हॅडविक गावाच्या पत्रव्यवहार समितीचा चिटणीस म्हणून आज माझी एकमताने निवड झाली. एकमताने म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं. तरी अक्षर गावात माझ्याइतकं कोणाचं नाही, आणि शाळामास्तराने लिहायचं नाही तर कोणी लिहायचं?

काम साधं आहे. इंग्लंडच्या राजाच्या फौजेने बॉस्टन बंदराची नाकेबंदी केल्यापासून गावोगावच्या समित्या एकमेकींना पत्रं पाठवतात. आलेलं पत्र सभेत मोठ्याने वाचायचं, नक्कल करून पुढच्या गावाला रवाना करायचं, आणि खाली आपल्याही चार धीराच्या ओळी जोडायच्या. आज प्रांताच्या समितीची विचारणा आली होती, कोणत्या गावात बारूद किती? सोबत शेजारच्या टिलरटनच्या उत्तराची नक्कल होती. त्यांच्याकडे पंधरा पिपं! त्यांचा चिटणीस अमझाया कॉब म्हणून कोणी आहे. काय लिहितो! ‘आमच्या सभाघराच्या तुळया वजनाने कुरकुरू लागल्या आहेत.’ हे वाचलं तेव्हा आमच्या तुकडीचे कॅप्टन जोब रस्ट जमिनीकडे बघत बसले. आमच्या सभाघराच्या माळ्यावर दोन पिपं आहेत, तीही लहान, आणि एकात ओल जाऊन बारुदीचे गठ्ठे झालेत.

अध्यक्ष स्क्वायर पेल मात्र हसले.

“मार्चमध्ये माझ्या मेहुण्याचं गलबत वेस्ट इंडीजहून येतंय. आठ पिपं त्यात आहेत. झाली की नाही दहा? लिहा मास्तर, दहा.”

“पण आली नाहीत अजून, साहेब.”

“तुमचं पत्र वर जाऊन कोणी वाचेपर्यंत मार्च उजाडेल हो! टिलरटनसमोर दोन लिहून गावाचं हसं करायचंय का?”

मी लिहिलं. ‘हॅडविकच्या माळ्यावर दहा पिपं सुखरूप आहेत, आणि प्रत्येक पिपामागे एक निर्धार उभा आहे.’ शेवटचा भाग माझा. सगळ्यांना आवडला.

घरी आल्यावर लेम्युएलला वाचून दाखवलं. हा माझा पाठचा भाऊ, पिपं बांधायचा धंदा करतो. रस्टच्या तुकडीत त्याचं नाव आहे. हाक आली की उभ्या पावली निघायचं, असं वचन दिलेली एकतीस माणसं आहेत ती.

“दादा,” तो म्हणाला, “निर्धार भरायला पिपं कमी पडली तर सांग. बांधून देतो.”

त्याला पहिल्यापासून चांगलं लिहिलेलं सोसत नाही.

रविवार, २२ जानेवारी

रविवारची प्रार्थनाही सभाघरातच असते, आणि आज तिथे पाणी गोठेल अशी थंडी होती. आजपासून बायकांना पायाखालच्या शेगड्या आत न्यायला बंदी. स्क्वायरनी उपदेश सुरू व्हायच्या आधी उठून जाहीर केलं, की डोक्यावर दहा पिपं बारूद असताना निखारा आत येणं हा वेडेपणा आहे. गेल्या हिवाळ्यात हीच दोन पिपं वर होती आणि तीस शेगड्या खाली होत्या, तेव्हा कोणाला काही वाटलं नव्हतं. पण दहा लिहिल्यावर दहाची काळजी घेतलेली दिसायला हवी, हे मलाही पटलं.

दोन तास उपदेश चालला. विधवा प्रुडन्स हॉक एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचे दात वाजत होते ते माझ्या बाकापर्यंत ऐकू येत होतं. माझी बायको हिटी घरी आल्यावर चुलीत पाय घालते की काय अशी बसली आणि म्हणाली, “अहो, त्या आठ पिपांनी मला फार गारठवलं आज.”

गुरुवार, ९ फेब्रुवारी

कॉबचं पत्र आलं, खास मला उद्देशून! ‘प्रत्येक पिपामागे एक निर्धार’ हे वाक्य टिलरटनच्या सभेत दोनदा वाचलं गेलं म्हणे. मीही लगेच त्यांच्या तुळयांबद्दल कौतुक कळवलं. या माणसाला कधी पाहिलं नाही, पण इतका जवळचा वाटतो! गावात शब्दाची किंमत जाणणारं दुसरं आहे कोण?

जेवताना लेम्युएल खारवलेलं डुकराचं मांस चघळत म्हणाला, “तुझ्या त्या टिलरटनवाल्यांनी काल माझ्याकडून चौदा पिपं नेली. रिकामी.”

“मग? बारूद इतकी आहे की भरायला पिपं पुरत नसतील.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग हिटीकडे. दोघंही हसायला लागली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. दुसऱ्या गावाचं चांगलं बघवत नाही, हा आमच्या गावचा जुना रोग आहे.

शनिवार, ११ मार्च

गलबत आलं. काकवी आली, मीठ आलं. बारूद नाही. राजाच्या जहाजाने वाटेत अडवून झडती घेतली. पकडले जाऊ म्हणून मेहुण्याने त्याआधीच आठही पिपं समुद्रात सोडून दिली.

मी दुरुस्तीचं पत्र लिहून नेलं. तीनच ओळींचं होतं. स्क्वायरनी वाचलं, घडी घातली, आणि परत माझ्या हातात दिलं.

“मास्तर, हे पत्र गावोगाव वाचलं जाणार. आज आपण दहाची दोन केली, की उद्या चार गावं कच खाणार. इंग्रजांना आणखी काय हवंय? आणि टिलरटनची पंधरा आहेतच की पाठीशी. लढाई झालीच तर शेजारी नाही म्हणणार का?”

कॅप्टन रस्ट म्हणाले, “माझ्या पोरांना प्रत्येकी दहा बार तरी लागतील, साहेब.”

“मिळतील हो!”

मी पत्र परत घेतलं. घरी येताना मनाची समजूत घालत होतो, की लढाई होणारच नाही. पण लेम्युएलच्या दुकानावरून आलो नाही, मागच्या वाटेने आलो. मी लिहिलेल्या आकड्यावर भिस्त ठेवून कोणी निघायचं असेल तर पहिला तोच निघणार, हे मला आज नीट कळलं. तरी पत्र पाठवलं नाही. भित्रा आहे मी. इथे लिहायला काय जातंय?

गुरुवार, २० एप्रिल

दुपारी घामाने निथळलेल्या घोड्यावर स्वार आला. लेक्सिंग्टनला काल पहाटे राजाच्या फौजेने तिथल्या गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. माणसं मेली आहेत. पत्रावर वाटेतल्या सगळ्या गावांच्या समित्यांच्या सह्या होत्या, कुठे किती वाजता पोचलं त्यासकट. मी स्वाराला उभं ठेवून नक्कल केली. घाईत सही अशी झाली, की माझी मलाच ओळखू येईना.

चारच्या सुमाराला तुकडी मैदानात जमली. कॅप्टन रस्टनी माळ्यावरची दोन पिपं मागितली. स्क्वायर पेल म्हणाले, गाव उघडं टाकता येणार नाही, दोन्ही इथेच राहतील. तुकडीने आत्ता हलकं निघायचं. टिलरटनला लगेच पत्र जाईल, पाच पिपं उसनी मागायची, ती गाडीने मागोमाग केम्ब्रिजला, बॉस्टनबाहेरच्या छावणीत, पोचतील. सगळ्यांनी जयघोष केला. पंधरांतली पाच म्हणजे काहीच नाही, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं.

बारूद ठेवायच्या शिंगात चार-चार बारांपुरती बारूद घेऊन एकतीस माणसं गेली.

लेम्युएल निघताना दाराशी आला. हिटीने मक्याची भाकरी बांधून दिली. मी म्हटलं, “टिलरटनची पिपं येताहेत, काळजी करू नको.”

“दादा,” तो म्हणाला, “माझ्याशी तरी असं बोलू नको रे.”

काय म्हणायचं होतं त्याला? मी तर खरं तेच सांगत होतो. संध्याकाळी बसून कॉबला पत्र लिहिलं. आजवरचं माझं सर्वांत चांगलं पत्र आहे ते.

शनिवार, २२ एप्रिल

कॉबचं पत्र आलं. मला वाटलं उत्तर. पण तारीख विसाचीच! आमची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. आणि मजकूर काय, तर टिलरटनची तुकडीही केम्ब्रिजला निघाली आहे, हॅडविकच्या दहांपैकी चार पिपं शेजारधर्माने मिळावीत!

मला रागच आला. पंधरा घरात असताना चार आमच्याकडून? मोठ्या गावांची ही हावच असते. की आमची परीक्षा बघताहेत? की गाड्यांना बैल मिळत नाहीत, म्हणून आमच्यावर ओझं टाकायचं आहे? तिन्ही शक्यता हिटीला समजावून सांगितल्या.

ती शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

“अहो, त्यांच्याकडे नाहीये.”

“पंधरा लिहिली आहेत त्यांनी!”

“तुम्ही किती लिहिलीत?”

मी तिला म्हटलं, तू कॉबला ओळखत नाहीस. तिनेही मला ओळखत नसल्यासारखं बघितलं.

सोमवार, २४ एप्रिल

आज अमझाया कॉब आला. मी उंच, भारदस्त माणूस डोळ्यांसमोर धरला होता. बुटका, टक्कल पडलेला, चामड्याच्या कामाने बोटं तपकिरी झालेला चांभार दारात उभा. बाहेर बैलगाडी. गाडी रिकामी असावी इतकी उंच उसळत आली होती.

“थर्लो मास्तर?”

“कॉब साहेब?”

आम्ही हात धरले आणि दोघांनाही पुढे काही सुचेना. पत्रांत कसं भराभर सुचायचं!

“पिपं न्यायला आलो,” तो म्हणाला.

“मला वाटलं आणून द्यायला आलात.”

मग मी त्याला सभाघरात नेलं. का नेलं कोण जाणे, तोंडाने सांगायचा धीर नव्हता म्हणून असेल. शिडी धरली. तो वर चढला, मी मागून. माळ्यावर दोन पिपं, एक मोडका बाक आणि कबुतरांची घाण. कॉबने त्या दोन पिपांकडे बघितलं. मग त्यांच्या मागे जाऊन बघितलं. मग हळूच खाली बसला.

“आमच्याकडे एक आहे,” तो म्हणाला. “बाकीच्या चौदांत वाळू भरली. कोणी वर येऊन बघितलं तर दिसायला.”

“आणि त्या तुळया?”

“आता खरोखर कुरकुरतात, मास्तर. वाळू बारुदीहून जड असते.”

मला हसू आलं. मी म्हटलं, तुमची पंधरा वाचून आम्ही दहा लिहिली. तो म्हणाला, एका गावाची वीस वाचून आम्ही पंधरा लिहिली. त्या गावाने कोणाचं वाचून वीस लिहिली असतील, ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

“माझे दोन मुलगे गेलेत,” कॉब म्हणाला. “धाकटा एकोणीसचा आहे. मी त्याला सांगितलंय, हॅडविकची बारूद मागून येतेय म्हणून. बाप चिटणीस आहे ना! त्याने चारचौघांना सांगितलं असेल.”

तो रडायला लागला. मला लोकांचं रडणं बघवत नाही, पण उठून जायला जागा नव्हती, म्हणून त्याच्या शेजारी बसून मीही रडलो.

बुधवार, २६ एप्रिल

लेम्युएलचं पत्र आलं. उतरवून ठेवतो.

‘दादास, आम्ही केम्ब्रिजजवळ चर खणतो. चार बार होते त्यातला एक ओला झाला. समोर टेकडीपलीकडे फौज आहे. माणसं रोज विचारतात पिपं कधी. मी सांगतो वाटेत आहेत. मी चिटणीसाचा भाऊ म्हणून माझं खरं मानतात. टिलरटनला रिकामी पिपं मीच विकली, म्हणून मला ठाऊक आहे. तरी सांगतो. नाही सांगितलं तर उद्या अर्धे घरी जातील. तू मला खरं कळव. पत्र कॅप्टनच्या नावे पाठवू नको, इथे गावची पत्रं सगळ्यांसमोर वाचतात. हिटीवहिनीची भाकरी संपली. लेम्युएल.’

तीन महिने मी काय लिहीत होतो आणि हा काय लिहितो! याच्या पत्रात एक शब्द जास्त नाही. मी लिहिलेलं खोटं आता त्याला तिकडे रोज बोलावं लागतंय, ज्याला माझं लिहिणं ऐकवत नव्हतं त्याला.

गुरुवार, २७ एप्रिल

स्क्वायर पेलकडे गेलो. दोन पिपं द्या म्हणालो. नाही म्हणाले. लेम्युएलचं पत्र दाखवलं. वाचलं आणि म्हणाले, “बघा, धीर टिकवून आहेत ना! तुमच्या शब्दांनी एक तुकडी उभी आहे, मास्तर. आणखी एक पत्र लिहा.”

मी टेबलावरची त्यांची लेखणी उचलली आणि परत ठेवली. आणखी काही करायला जमलं नाही. घरी येऊन हिटीला म्हटलं, “मी जातो.”

“कुठे?”

“केम्ब्रिजला. पिपं घेऊन.”

तिने शाल घेतली. “चला. शिडी कोण धरणार तुमची?”

भर सकाळी, सगळं गाव कामाला बाहेर असताना, आम्ही दोन्ही पिपं खाली उतरवली. कॉब मधल्या दोन दिवसांत टिलरटनला जाऊन तिथलं एक पीप गाडीत घालून आला होता, आणि आमच्या दोनांची वाट बघत होता. विधवा प्रुडन्स खोकत खोकत दारात आल्या आणि विचारलं, “मग बाकीची आठ?”

“नव्हतीच, आजी.”

“तीन महिने मी कुडकुडले, मेल्या,” म्हणाल्या, आणि गाडीत टाकायला घोंगडी आणून दिली. स्क्वायर पेल रस्त्यात आडवे आले. हॅडविकची शाळा तुम्हाला पुन्हा दिसणार नाही म्हणाले. मी खरं तर थांबलो असतो. बैल थांबले नाहीत.

मंगळवार, २ मे, केम्ब्रिजजवळ

आज पोचलो. छावणीच्या तोंडाशी पहारेकऱ्याने विचारलं, “काय आणलंत?” तीन पिपं म्हटल्यावर त्याने मागे वळून बघितलं, बाकीच्या गाड्या कधी येणार म्हणून.

कॅप्टन रस्टनी मला मिठी मारली. मग पिपं मोजली. मग मला बाजूला, सामानाच्या गाडीमागे नेऊन म्हणाले, “मास्तर, बरं झालं तुम्ही आलात. वर यादी द्यायची आहे, सगळ्यांसमोर वाचली जाते. लिहा, तीन आली, बारा मागून येताहेत.”

लेम्युएल पलीकडे फावडं टेकून उभा होता. वाळलाय. त्याने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, तो तरी डोळ्यांनी सांगेल काय करू ते. तो पुन्हा माती उकरायला लागला.

मी लिहिलं, ‘हॅडविक आणि टिलरटन मिळून तीन पिपं. त्यातलं एक खराब. मागून काही येणार नाही. आधीचे आकडे चुकीचे होते, ते मी लिहिले होते.’

रस्टनी वाचलं. फाडतील असं वाटलं. म्हणाले, “पोरांच्या डोळ्यांत बघून वाचाल?”

मी वाचलं. शाळेत इतकी वर्षं वाचून दाखवतोय, पण चार वाक्यं कधी इतकी लांब वाटली नव्हती. कोणी शिवी दिली नाही. त्याचंच वाईट वाटलं. कॉब आपल्या तुकडीकडे गेला, तिथेही त्याने हेच सांगायचं ठरवलंय. त्याच्याकडून अजून काही कळलं नाही.

बुधवार, ३ मे

सकाळची हजेरी झाली. एकतीसपैकी एकोणीस. बारा जण पहाटे घरी निघून गेले. त्यातले सात जण माझ्या शाळेत शिकलेत. रस्टनी मला एवढंच सांगितलं, की चर तेवढाच लांब आहे, एकतिसांना आखून दिलेला.

तीन पिपांतली बारूद दोन तुकड्यांत वाटली. माणशी पंधरा बार पडले. चारच्या जागी पंधरा. पण माणसं बारा कमी. आपण वाचवलं की घालवलं, याचा हिशेब मला लागत नाही. बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. खोटं मात्र परत लिहू शकलो नसतो.

दुपारी चरात लेम्युएलच्या डाव्या हाताला पाच-सहा हात जागा मोकळी होती, जिथे तिघं असायचे. तो त्या जागेकडे बघत म्हणाला, “मी यांना बारा दिवस धरून ठेवलं होतं, दादा. तू एका वाचनात सोडलंस.”

“हो.”

“काल तू खोटं वाचलं असतंस तर मी तुला आयुष्यात तोंड दाखवलं नसतं. आणि आता ही जागा रिकामी आहे. काय करू मी तुझं?”

त्याने गेलेल्यांपैकी कोणाची तरी टाकून दिलेली बंदूक उचलली, माझ्या हातात दिली, आणि माझे खांदे धरून मला त्या जागेत उभं केलं. बंदूक उलटी धरली होती, ती सुलटी करून दिली.

“बार कसा भरायचा ते बघ. एकदाच दाखवणार. वाया घालवायला बारूद नाही.”

एकदा दाखवलं. मला कळलं नाही, तेव्हा पुन्हा दाखवलं.

संध्याकाळी हिटीला पत्र लिहिलं. मी सुखरूप आहे, लेम्युएल सुखरूप आहे, भाकरी पाठव, मी इथेच राहतोय. किती दिवस ते लिहायला हात गेला होता. ते मला माहीत नाही, म्हणून नाही लिहिलं.